६२४ वेळा 'आऽऽ': 'आय अ‍ॅम नॉट इन लव्ह'च्या मागचं काम

'टेन सीसी' या चौघांच्या ब्रिटिश बँडचं 'आय अ‍ॅम नॉट इन लव्ह' हे गाणं जून १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत दुसऱ्या. त्यात शब्दांच्या मागे धुक्यासारखा तरंगणारा जो आवाज आहे, तो हाताने टेप कापून-जोडून घडवलेला आहे.

बँडमधल्या एरिक स्ट्युअर्टच्या बायकोची तक्रार होती, की प्रेम आहे असं तू फारसं म्हणत नाहीस. त्यातून त्याला प्रेम नाकारता नाकारता पकडला जाणारा माणूस सुचला. बँडमधल्याच ग्रॅहम गोल्डमनबरोबर बांधलेली पहिली चाल बोसा नोव्हा, म्हणजे ब्राझिलियन ढंगाची होती. ती बाकीच्या दोघांना रुचली नाही, टेपही पुसली. पण स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओतली माणसं तीच धून गुणगुणत राहिली. मग त्या दोघांपैकी केविन गॉडली म्हणाला, सगळं माणसांच्या आवाजांवरच करू. दुसऱ्याने, लॉल क्रीमने, टेप लूप सुचवले: टोकं जोडून गोल फिरत राहणारे टेपचे तुकडे.

गोल्डमन, गॉडली आणि क्रीम एकच स्वर प्रत्येकी १६ वेळा गायले. एका स्वराला ४८ आवाज. असे सा ते तार सा, कोमल-तीव्र धरून १३ स्वर. तीन आठवडे हेच चाललं होतं. प्रत्येक स्वराची सुमारे १२ फूट टेप घेऊन टोकं जोडली. जोड मशीनच्या हेडवरून (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून) गेला की बारीक 'टक्' येतो. लूप आखूड असला तर तो सारखा टोचतो, म्हणून एवढी लांबी. मशीनवर ती मावेना, तेव्हा बाहेर माइक स्टँडवर बसवलेल्या चाकावरून फिरवली. तिथे ताण बिघडला की सूर डळमळणारच.

हे १३ स्वर १६ ट्रॅकच्या टेपवर एकेका ट्रॅकवर उतरवले आणि मिक्सिंग डेस्कचीच पेटी झाली: हवा तो स्वर फेडरने (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणाने) वर, नको तो खाली, चौघांचे हात एकदम. फेडर पूर्ण बंद होऊ नयेत म्हणून तळाशी चिकटपट्टी लावली होती. त्यामुळे नको असलेले स्वरही अगदी मंद वाजत राहतात. धुकं आहे ते हेच. बाकी मुख्यतः फेंडर ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानो, गिटार आणि मूग सिंथेसायझरवरचा छातीच्या ठोक्यासारखा ड्रम.

गाण्याच्या मधे एक बाई कुजबुजते, ती कोण? कॅथी रेडफर्न, स्टुडिओची रिसेप्शनिस्ट. स्ट्युअर्टला फोन आलाय, हे सांगायला तिने दार उघडलं आणि रेकॉर्डिंगला अडथळा नको म्हणून अगदी हळू बोलली. गाण्यातल्या कुजबुजीसाठी क्रीमने तो आवाज तिथेच हेरला.