प्रोग्रेसिव्ह रॉक संकलने

प्रोग्रेसिव्ह रॉक संकलने : प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकारातील रचना मूळ अल्बममधून वेगळ्या काढून, निवडून आणि नव्या क्रमाने लावून प्रसिद्ध केलेले अल्बम. एखाद्या ध्वनिमुद्रण कंपनीने आपल्याकडच्या निरनिराळ्या बँडांची ओळख करून देण्यासाठी काढलेला स्वस्त नमुना-अल्बम, म्हणजे सॅम्पलर. एकाच बँडच्या अनेक वर्षांच्या कामातून केलेली निवड. आणि एका कालखंडाचा आढावा घेणारा अनेक तबकड्यांचा संच, अशा तिन्ही रूपांत ही संकलने आढळतात. रॉकच्या इतर शाखांत संकलनाला फारसे स्पष्टीकरण लागत नाही. लोकप्रिय गाणी एकत्र केली की काम भागते. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये मात्र संकलन ही मुळातच वादाची बाब आहे आणि तिचे आकर्षण समजून घेण्यासाठी तो वाद आधी समजून घ्यावा लागतो.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस हा प्रकार इंग्लंडमध्ये आकाराला आला. किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस, जेथ्रो टल, पिंक फ्लॉइड, इमर्सन, लेक अँड पामर, व्हॅन डर ग्राफ जनरेटर आणि जेंटल जायंट हे त्यातील ठळक बँड. तीन मिनिटांचे गाणे, ठरलेली कडवी आणि चार मात्रांचा ठेका ही चौकट त्यांनी सोडली. युरोपीय अभिजात संगीत, जॅझ आणि इंग्लिश लोकसंगीत यांतून मुक्तपणे उचल केली. मेलोट्रॉन आणि मूग सिंथेसायझर यांसारखी त्या वेळी नवी असलेली वाद्ये हाताळली. पाच, सात किंवा नऊ मात्रांची आवर्तने येथे सर्रास भेटतात. पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’चा ठेका सात मात्रांचा आहे, तर जेथ्रो टलचे ‘लिव्हिंग इन द पास्ट’ (१९६९) पाच मात्रांत चालते. ज्याच्या कानावरून रूपक आणि झपताल गेले आहेत, त्या श्रोत्याला या लयी मोजताना अडखळायला होत नाही.

या संगीताचे एकक गाणे नसून अल्बम होता. लाँग प्ले (एलपी) तबकडीच्या एका बाजूवर साधारणपणे वीस ते बावीस मिनिटांचे संगीत मावते, आणि पुष्कळ बँडांनी ती अख्खी बाजू, कधी त्याहून थोडी अधिक जागा ओढून घेऊन, एकाच रचनेला दिली. पिंक फ्लॉइडचे ‘एकोज’ (१९७१) साडेतेवीस मिनिटांचे आहे. जेनेसिसचे ‘सपर्स रेडी’ (१९७२) जवळजवळ तेवढेच. आणि जेथ्रो टलचे ‘थिक ॲज अ ब्रिक’ (१९७२) ही तर दोन्ही बाजू व्यापणारी एकच रचना आहे, जिच्या मध्ये तबकडी उलटण्यापुरती उसंत मिळते. अशा कृतीतून तुकडा काढला तर उरते काय, हा संकलनाच्या विरोधकांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

गोव्यातील मराठी रसिकाला हा प्रश्न दुसऱ्या वाटेने परिचित आहे. देवळाच्या उत्सवात किंवा जत्रेत रात्रभर चाललेले संगीत नाटक ज्याने मांडी ठोकून पाहिले, त्याला एकेका पदाची जागा, त्या आधीचा संवाद आणि नंतरची शांतता ठाऊक असते. ज्याने तेच पद रेडिओवर किंवा ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर साडेतीन मिनिटांत ऐकले, त्याच्यापाशी नुसते पद असते. पण त्या तबकडीने पद ऐकवले नसते, तर पुष्कळ जण नाटकाकडे वळलेही नसते. ख्यालाचेही तेच झाले. तासभर चालणारा राग त्या काळच्या गायकांना तबकडीच्या एका बाजूत बसवावा लागला, आणि फोंडा तालुक्यातील केरी या गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या अशाच साडेतीन मिनिटांच्या भैरवीला जगातील सर्वांत दूर गेलेल्या संकलनात जागा मिळाली. १९७७ साली व्हॉयेजर यानांवरून अंतराळात पाठवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर सुमारे नव्वद मिनिटांचे पृथ्वीवरील संगीत आहे. त्यातील सत्तावीस नमुन्यांत त्यांचे ‘जात कहाँ हो’ आहे. ज्याला त्या मागची पूर्ण परंपरा माहीत नाही अशा श्रोत्यासाठीच निवड केली जाते, हे त्या तबकडीइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

प्रोग्रेसिव्ह रॉकचा प्रसारही प्रारंभी सॅम्पलरच्याच आधाराने झाला. सीबीएस या ध्वनिमुद्रण कंपनीने १९६८ साली ब्रिटनमध्ये काढलेल्या ‘द रॉक मशीन टर्न्स यू ऑन’ची किंमत १४ शिलिंग ११ पेन्स, म्हणजे नेहमीच्या एलपीच्या निम्म्याहून कमी, ठेवली होती. हा अल्बम प्रोग्रेसिव्ह रॉकचा म्हणता येणार नाही. पण खिशात मोजके पैसे असलेल्या विद्यार्थ्याला अनोळखी बँडांची चव दाखवली तर तो पुढे पूर्ण किमतीचे अल्बम घेतो, हा व्यवहार त्याने सिद्ध केला, आणि मग इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. आयलंड या कंपनीच्या ‘नाइस इनफ टू ईट’वर (१९६९) किंग क्रिम्सनचे कर्कश ‘ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ आणि गायक निक ड्रेकचे मृदू ‘टाइम हॅज टोल्ड मी’ एकाच तबकडीवर भेटतात. ईएमआय या कंपनीच्या हार्वेस्ट या लेबलने, म्हणजे व्यापारनावाने, १९७० साली ‘पिकनिक’ हा दोन तबकड्यांचा सॅम्पलर काढला. सॅम्पलरचे खरे सौंदर्य या शेजारपणात आहे. जे दोन बँड एका मंचावर क्वचितच आले असते, ते तबकडीवर एकामागोमाग येतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्यांचे नाते जुळते. पुढे स्वतंत्र अल्बम घेतल्यावरही, एक गाणे संपले की कान नकळत त्या सॅम्पलरवरच्या पुढच्या गाण्याची वाट पाहतो.

दुसरे आकर्षण दुर्मीळतेचे. पिंक फ्लॉइडचे ‘एम्ब्रियो’ हे गाणे ‘पिकनिक’वर आले आणि नंतर १९८३ च्या ‘वर्क्स’ या संकलनात येईपर्यंत बँडच्या दुसऱ्या कोणत्याही अल्बमवर आले नाही. सायमन अँड गारफंकेल या अमेरिकन गायकजोडीच्या ‘अमेरिका’ या गाण्याला येसने दिलेले दहा मिनिटांचे रूप अशाच एका सॅम्पलरवर पडून होते. ते १९७५ च्या ‘येस्टरडेज’मध्ये घेतले गेले. जेथ्रो टलच्या ‘लिव्हिंग इन द पास्ट’ या १९७२ च्या दुहेरी अल्बममध्ये सुटी गाणी, अप्रसिद्ध रचना आणि कार्नेगी हॉलमधील मैफलीचा अंश अशी सामग्री आहे. म्हणजे जो श्रोता संकलनाला नवख्यांची सोय मानून बाजूला ठेवतो, त्याच्याच संग्रहात खिंडार राहते.

बँडने स्वतः केलेली निवड हा सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. किंग क्रिम्सन १९७४ साली विसर्जित झाल्यावर गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी सिद्ध केलेले ‘अ यंग पर्सन्स गाइड टू किंग क्रिम्सन’ (१९७६) हे प्रस्तुत नोंदकाराच्या मते या प्रकारातील आदर्श संकलन होय. त्यात कालक्रम पाळलेला नाही, लोकप्रियतेचा निकष नाही. बँड स्थापन होण्यापूर्वीचे ‘आय टॉक टू द विंड’चे घरगुती ध्वनिमुद्रण तेथे आहे आणि सोबत बँडच्या वाटचालीची नोंद देणारी पुस्तिका आहे. आपल्या कामाकडे मागे वळून पाहणाऱ्या कलावंताने काय राखले आणि काय वगळले, हे तेथे ऐकू येते. जेनेसिसच्या तीन तबकड्यांच्या ‘प्लॅटिनम कलेक्शन’मध्ये (२००४) क्रम उलटा आहे: अलीकडच्या सुटसुटीत गाण्यांपासून निघून श्रोता मागे मागे जात शेवटच्या तबकडीवर ‘सपर्स रेडी’पाशी पोहोचतो. रेडिओवरची गाणी तेवढी ठाऊक असलेल्या माणसाला हाताला धरून आत नेण्याची ही रीत फार समंजस आहे.

काटछाट हा याच गोष्टीचा क्लेशकारक भाग. पिंक फ्लॉइडच्या ‘एकोज : द बेस्ट ऑफ पिंक फ्लॉइड’ (२००१) या दोन सीडींच्या संकलनात २६ रचना एकमेकींत मिसळून लावल्या आहेत, त्यामुळे वेगवेगळ्या दशकांतली गाणी एका श्वासात ऐकू येतात, पण ज्या रचनेचे नाव संकलनाला दिले तिचीच सुमारे सात मिनिटे त्यासाठी कापली गेली. मूळ रचना पूर्ण ऐकलेल्या माणसाला ती कात्री जाणवल्यावाचून राहत नाही. कधी व्यवहारही आड येतो. त्याच बँडच्या १९८१ च्या ‘अ कलेक्शन ऑफ ग्रेट डान्स साँग्ज’साठी बँडच्या अमेरिकेतील जुन्या कंपनीने ‘मनी’ वापरण्याची परवानगी नाकारली, तेव्हा बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यांनी बहुतेक वाद्ये स्वतः वाजवून ते गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले. अनेक कंपन्यांच्या बँडांना एकत्र आणणारे संच म्हणूनच विरळा निघतात. ऱ्हायनो या कंपनीचा ‘सुपरनॅचरल फेअरी टेल्स’ (१९९६) हा पाच सीडींचा, रॉजर डीन यांच्या चित्राचे वेष्टन ल्यालेला संच त्यांपैकी महत्त्वाचा. इंग्लंडबाहेरच्या, विशेषतः इटलीच्या प्रीमिआता फोर्नेरिया मार्कोनी आणि नेदरलँड्सच्या फोकस यांसारख्या बँडांना त्यात जागा आहे.

गोव्यात हे संगीत पोहोचले तेव्हा त्याला ऐकणारे कान तयार होते. चर्चला जोडलेल्या संगीतशाळांत मुले स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत, घरोघरी गिटार होती. आणि शेजारच्याच वाड्यावर भजन, आरत्या व नाट्यपदे चालत. अल्बम मिळवणे मात्र सोपे नव्हते. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने पिंक फ्लॉइडसारख्या बड्या बँडाच्या तबकड्या भारतात काढल्या; लहान बँडांसाठी परदेशांतून, विशेषतः आखातातून किंवा बोटीवरून, सुटीवर येणाऱ्या नातेवाइकावर अवलंबून राहावे लागे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हणजूणच्या किनाऱ्यावर येऊन राहिलेले हिप्पी परतीच्या खर्चासाठी आपले सामान विकत, आणि त्यातूनच तेथला बुधवारचा बाजार उभा राहिला.

१९८० च्या दशकात कॅसेट सर्वदूर झाली. शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी ‘गोवन क्रेझी’ (१९८४) घरीच चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित करून कॅसेटी स्वतः दुकानांत पोहोचवल्या, तो हाच काळ. परक्या संगीतासाठी कोरी कॅसेट देऊन गाणी भरून घ्यायची पद्धत होती. साठ मिनिटांच्या कॅसेटीच्या एका बाजूत तीस मिनिटे मावतात; त्यात एलपीची एक बाजू भरली की आठ-दहा मिनिटांची फीत मोकळी राहते, आणि तेथे दुसऱ्याच बँडची एखादी रचना भरली जाई. प्रत्येक कॅसेट अशा रीतीने एक छोटे संकलन होऊन जाई, आणि ते शेपूट कुणाचे हे कव्हरवर लिहिलेले नसेल तर शोध सुरू होई. गोव्याच्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी चढते. एखाद्या बँडचा पूर्ण अल्बम गेला आणि कुठल्याशा संकलनातली त्याची एकच रचना शाबूत राहिली, तर ती एक रचना फार जपली जाते.

संकलनातून निघालेला एक धागा पुन्हा गोव्याकडेच येतो. ‘नाइस इनफ टू ईट’वर क्विंटेसन्स या लंडनमधील बँडचे ‘गंगामाई’ आहे. त्या बँडचे बासरीवादक, मूळ ऑस्ट्रेलियाचे राजा राम, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोव्यात आले. तोवर हणजूणच्या पार्ट्यांत गिटार-ड्रम्सची जागा फितीवरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताने घेतली होती. त्यांनी पुढे इन्फिनिटी प्रोजेक्ट हा गट स्थापन केला, १९९४ साली टिप रेकॉर्ड्स हे लेबल उभारण्यात भाग घेतला आणि १९९६ पासून सायमन पॉसफर्ड यांच्याबरोबर श्पाँगल या नावाने काम सुरू केले. गोवा ट्रान्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या प्रवाहात त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. श्पाँगलच्या दीर्घ, एकमेकींत विरघळणाऱ्या रचनांमध्ये त्यांची बासरी आहे, आणि १९६९ च्या त्या स्वस्त सॅम्पलरवरही तीच ऐकू येते.