उत्तर कारेलियाचं लोणी आणि आपला डालडा

१९७१ च्या जानेवारीत फिनलंडच्या पूर्व टोकाहून, रशियाच्या सीमेलगतच्या उत्तर कारेलिया प्रांतातून, राजधानी हेलसिंकीला एक अर्ज गेला. खाली गव्हर्नर एसा टिमोनेन यांची सही होती, सोबत तिथल्या खासदारांच्या आणि संस्थांच्या प्रतिनिधींच्या सह्या. रस्ता द्या, कारखाना द्या असं त्यात काही नव्हतं. आमची कर्ती माणसं हार्ट अटॅकनं जातायत, सरकारनं काहीतरी करावं, एवढंच मागणं होतं.

'जीवनशैली बदला' हा सल्ला आज प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर असतो. तो इतका गुळगुळीत झालाय की त्याला चिकटून एक ठपकाही येतो. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला भेटायला येणारे जाता जाता हळूच म्हणतात, "खाण्यावर ताबाच नव्हता हो." मला ते फार लागतं. हा सल्ला आला कुठून हे ज्यानं पाहिलंय, त्याला असं बोलवणार नाही. सवयी बदलल्या की हृदयविकार कमी होतो, हे ज्या ठिकाणी सगळ्यांत स्पष्ट दिसलं, तिथे एकट्यादुकट्यानं मनाचा निग्रह केला नव्हता. तिथली दुकानं, डेअऱ्या आणि स्वयंपाकघरं एकाच वेळी बदलायला घेतली होती.

त्याआधी मुळात हा रोग टाळता येतो, हेच कुणाच्या गावी नव्हतं. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ भरला. तरी ते त्याच वर्षी पुन्हा निवडणूक लढले, फेब्रुवारी १९४५ मध्ये पार सोव्हिएत संघातल्या याल्टापर्यंत प्रवास करून आले आणि १२ एप्रिलला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशीचा आकडा होता ३००/१९०. दिमतीला डॉक्टर होते, पण हातात खात्रीचं औषध नव्हतं. वय वाढलं की रक्तदाब वाढायचाच, कडक झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे रेटायला तो लागतोच, अशी बऱ्याच वैद्यकांची समजूत होती.

जून १९४८ मध्ये त्यांच्यानंतरचे अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम या गावात ३० ते ६२ वयाच्या स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली. एकूण ५,२०९ माणसं, दर दोन वर्षांनी पुन्हा बोलवायची. आजार झाल्यावर 'काय चुकलं' म्हणून मागे वळून पाहायचं नाही, आजाराच्या आधीपासूनच माणसाच्या सोबत चालत राहायचं, ही त्यातली नवी गोष्ट. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तपासणीवर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात 'फॅक्टर्स ऑफ रिस्क' हे शब्द होते. आपल्या लिपिड प्रोफाइलच्या कागदावरचा 'रिस्क' तिथूनच रुळला. मात्र फ्रॅमिंगहॅम जवळजवळ पूर्ण गोऱ्यांचं गाव होतं. पुण्याच्या गोष्टीपाशी आल्यावर हे पुन्हा आठवावं लागेल.

तिकडे लंडनमध्ये डॉक्टर जेरी मॉरिस यांच्या डोक्यात वेगळाच प्रश्न होता. शहराच्या दुमजली बसमध्ये दोन माणसं एकाच पाळीत कामाला असतात, ड्रायव्हर आणि कंडक्टर. पगार, वस्ती, खाणं साधारण सारखंच. ड्रायव्हर पाळीतला जवळपास ९० टक्के वेळ बसून, तर कंडक्टर दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. मॉरिस यांनी ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० वाहतूक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापला: कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, झालाच तर उशिरा होतो आणि पहिल्याच झटक्यात जाणारे त्यांच्यात बरेच कमी. सायकलवरून आणि पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलापाशी बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक निघाला. काही जणांनी शंका काढली, की मुळात जाडे लोकच ड्रायव्हर होत असतील. मग मॉरिस यांनी गणवेशाच्या नोंदी काढून पॅंटच्या कमरेची मापं पाहिली. ड्रायव्हरांची कंबर खरंच मोठी होती, पण बारीक कमरेच्या ड्रायव्हरांनाही कंडक्टरांपेक्षा धोका जास्तच होता. मुंबईच्या बसमध्ये तिकिटाच्या चिमट्याची टकटक ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला हा अभ्यास फार जवळचा वाटतो. त्यातल्या कंडक्टरनं 'व्यायाम' म्हणून काहीच केलं नव्हतं. त्याच्या कामातच जिना होता.

आता पुन्हा कारेलियाकडे. १९५८ पासून अमेरिकन शास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी सात देशांतल्या ४० ते ५९ वयाच्या जवळपास तेरा हजार पुरुषांची पाहणी सुरू केली होती. त्या पाहणीवर पुढे पुष्कळ टीका झाली, देश सोयीनं निवडले असंही म्हटलं गेलं. पण पूर्व फिनलंडचा आकडा कुणाला पुसता आला नाही. हृदयविकारानं होणारे मृत्यू तिथे सगळ्यांत जास्त आणि ग्रीसच्या क्रीट बेटावर सगळ्यांत कमी. कारेलियातली माणसं लाकूडतोडे आणि छोटे शेतकरी होती, बर्फात दिवसभर अंगमेहनत करणारी. खुर्चीत बसून पोट सुटलेली मुळीच नव्हती. मग रोग आला कुठून?

उत्तर ताटात होतं आणि त्या ताटाला युद्धाचा इतिहास होता. दुसऱ्या महायुद्धात कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला. विस्थापितांना आणि परतलेल्या सैनिकांना जंगल तोडून छोट्या शेतजमिनी दिल्या गेल्या. थंडी अशी, की भाजीपाला जेमतेम. म्हणून गाय आणि डुक्कर. ज्यांनी उपासमार पाहिली होती, त्यांच्या घरी लोणी म्हणजे सुबत्ता. पावावर लोण्याचा जाड थर, जेवणासोबत पेलाभर साय न काढलेलं दूध, खारवलेले मासे, चरबीवाल्या मांसाचा मीठ घालून शिजवलेला रस्सा. दहापैकी नऊ घरांत पावाला लोणीच लागे, आणि निम्म्याहून जास्त पुरुष सिगारेट ओढत. आपल्याकडे 'दूधतुपात वाढलेलं लेकरू' म्हणतो, त्यातलंच हे समाधान. अशा माणसाला 'लोणी सोड' म्हणणं म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा.

१९७२ मध्ये प्रकल्प सुरू झाला. सूत्रं होती तिशीही न गाठलेल्या पेक्का पुस्का या डॉक्टरकडे. त्यानं वैद्यकाबरोबर समाजशास्त्राचाही अभ्यास केला होता, आणि माझ्या मते तेच निर्णायक ठरलं. नवं इस्पितळ बांधण्यापेक्षा त्यानं गावातल्या बायकांची संघटना गाठली. 'मार्था' ही गृहिणींची संघटना १८९९ पासून फिनलंडमध्ये काम करत होती. तिच्या बायकांनी गावोगावी 'दीर्घायुष्याच्या मेजवान्या' भरवल्या. एखाद्या सभागृहात दुपारी चूल पेटायची, नेहमीच्याच रश्शात चरबी कमी करून बटाटे, गाजर, कंदमुळं पडायची, मीठ हात आखडून. लोक जेवायचे, चार शब्द ऐकायचे, घरी जाऊन तसंच करून पाहायचे. पत्रक वाचून चव बदलत नाही. शेजारणीच्या हातचं खाल्लं की बदलते.

गावागावांत ज्यांचा शब्द मानला जातो अशी शेकडो माणसं हेरून त्यांना तयार केलं गेलं. परिचारिकांनी रक्तदाबाच्या नोंदवह्या ठेवल्या, रुग्ण आला नाही तर त्याला निरोप जायचा. सॉसेज बनवणाऱ्यांशी बोलून चरबीचा काही भाग काढून त्या जागी अळिंबी घालून पाहिली गेली. बेकऱ्यांनी पावातलं मीठ उतरवलं. टीव्हीवर सिगारेट सोडण्याचे वर्ग झाले. पडद्यावरची माणसं आठवड्यामागून आठवडे सोडायचा प्रयत्न करत आणि घराघरांतून लोक त्यांच्याबरोबर.

विरोध झालाच. दूधदुभत्यावर पोट असलेल्या प्रांतात लोण्याविरुद्ध बोलायचं म्हणजे शेजाऱ्याच्या चुलीवर पाणी ओतायचं. डेअरी उद्योग चिडला. त्यावर जे उत्तर शोधलं गेलं, ते मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. कारेलियाच्या गारठ्यात स्ट्रॉबेरी, करवंदासारखी काळी ब्लॅककरंट अशी फळं उत्तम येतात. पुढच्या दशकात सरकारी मदतीनं एक वेगळा उपक्रम निघाला: शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळवायचं, ती गोठवून वर्षभर विकायची सोय लावायची. थंडीत तग धरणाऱ्या मोहरीवर्गीय तेलबियांचं वाण विकसित झालं आणि फिनलंडला स्वतःचं खाद्यतेल मिळालं. सवय बदलणाऱ्याच्या पोटापाण्याची काळजीही घेतली गेली.

आकडे बोलके आहेत. उत्तर कारेलियात धूम्रपान करणारे पुरुष १९७२ मध्ये ५२ टक्के होते, १९९७ मध्ये ३१. पाच वर्षांनंतर कार्यक्रम देशभर नेला गेला. ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांमधले हृदय-धमनीविकाराचे मृत्यू १९६९-७१ च्या तुलनेत २००६ पर्यंत सुमारे ८५ टक्क्यांनी घटले. याला एक प्रामाणिक पुरवणी जोडायला हवी. तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या कुओपिओ प्रांतातही मृत्यू घटले, आणि पाश्चात्त्य जगात इतरत्रही त्या काळात उतार लागला होता. औषधं आणि शस्त्रक्रियाही सुधारल्या. त्यामुळे सगळं श्रेय एका प्रकल्पाला देता येत नाही, आणि हा वाद अभ्यासकांत आजही आहे. पण घट झाली तिचा मोठा वाटा कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि तंबाखू खाली आल्यामुळे आहे, हे फिनलंडच्या नंतरच्या विश्लेषणांतही पुन्हा पुन्हा निघालं.

आपल्याकडे याच काळात उलटी वाट चालू होती. १९३० च्या दशकात मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला आणि १९३७ पासून 'डालडा' घराघरांत शिरला. पिवळा डबा, त्यावर हिरवं माडाचं झाड. तूप संपलं की त्याच डब्यात डाळ, आणि गंजला की खाली भोक पाडून तुळस. आमच्या घरी शंकरपाळ्यांचं मोहन त्याचंच असायचं. आई पिठात कडकडीत मोहन ओतायची, चर्र आवाज यायचा, आणि पिठाची मूठ वळून दाबली तरी मोडत नाही ना ते बघायची. साजूक तूप परवडत नाही त्या घरातही सण खुसखुशीत व्हायचा. त्या माउल्यांनी कसलीही चूक केली नव्हती, हे मला ठासून सांगायचंय.

वनस्पती तुपात होतं असं, की पातळ तेलात निकेलच्या साहाय्यानं हायड्रोजन सोडून ते घट्ट करतात. हे काम अर्धवट राहिलं की ट्रान्स फॅट तयार होतं. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं, हे नेदरलँड्समधल्या प्रयोगानं १९९० मध्ये दाखवलं. तोवर डालडा आपल्याकडे पन्नाशी ओलांडून गेला होता. २००३ मध्ये डेन्मार्कनं खाद्यतेलातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली. भारतात ती टप्प्याटप्प्यानं खाली आली, २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के. आज कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी चहात बुडवताना कुणी काही निग्रह केलेला नसतो. नियम पाळला गेला असेल तर मात्र तीच खारी दहा वर्षांपूर्वीच्यापेक्षा कमी घातक असते.

आणि ते पुणं. फ्रॅमिंगहॅम जवळजवळ पूर्ण गोऱ्यांचं होतं, ते आठवायचं इथे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक पानभर मजकूर आला, दोन डॉक्टरांच्या छायाचित्रासह. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून जो अभ्यास केला, त्यात जन्मतः कमी वजनाच्या बाळांतही चरबी राखलेली दिसली. 'काडीपैलवान आहे, त्याला कसला अटॅक' हा आपला ठाम समज इथे कोसळतो. त्याच वर्षी ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासातून निघालं, की पहिल्या अटॅकचा बहुतांश धोका मोजता येणाऱ्या नऊ गोष्टींत सामावतो: तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या, व्यायाम, मद्य. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांना जवळपास ५९ व्या, हेही त्यातूनच कळलं. तंबाखू नुसती चघळणाऱ्यांतही धोका दुपटीहून जास्त निघाला, तेव्हा विडी न ओढता मळून खाणाऱ्यानं निर्धास्त राहू नये. मशेरीही तंबाखूच.

राहिलं मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात सगळं आलं: वरणातलं, पोळीतलं, पापडातलं, लोणच्यातलं. आपल्या ताटात तर मिठाला डाव्या बाजूला मानाची जागा आहे. फिनलंडमध्ये १९९३ पासून जास्त मिठाच्या पदार्थांच्या वेष्टनावर तसं स्पष्ट लिहावं लागतं. आपल्याकडे पापडाच्या पुड्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'सोडियम' इतके मिलिग्रॅम असं छापलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. २,००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ. माझी आई आता ऐंशीची आहे, बीपीची गोळी घेते. परवा चष्मा पुसून तिनं तो पुडा उजेडात धरला, मग माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "हे तूच वाच बाई, आणि सांग मला, किती चमचे."