मुलांचा बंक बेड : आकार आला, मापे वाटेतच राहिली

नागपुरात मुलांच्या खोलीसाठी बंक बेड, म्हणजे एकावर एक असा दुमजली पलंग, घ्यायचे ठरले की घरातून दोन वाटा निघतात. एक मोबाइलमधल्या दुकानाकडे जाते आणि दुसरी लकडगंजकडे. लाकडाच्या वखारी, आरागिरण्या आणि प्लायवूडची दुकाने यांनी ओळखल्या जाणाऱ्या या भागात कुणीतरी ओळखीचा मिस्त्री असतोच. त्याला फोटो दाखवायचा, खोलीची लांबी-रुंदी सांगायची आणि त्याने "ताई, फोटोत हाय तसाच बनवून देतो" असे म्हणायचे, हा ठरलेला शिरस्ता आहे. तो शब्द पाळतोही. अडचण इतकीच की फोटोत पलंगाचा आकार येतो, रंग येतो, शिडीखालचे खणही दिसतात. पण कठडा गादीच्या किती वर असावा आणि दोन पट्ट्यांमध्ये किती फट चालेल, हे फोटोत दिसत नाही. ही मापे कुणा सजावटकाराच्या आवडीतून आलेली नसून अपघातांच्या नोंदींतून आलेली आहेत आणि बंक बेड आपल्याकडे पोहोचला तेव्हा ती मागे राहिली.

एकावर एक झोपण्याची सोय मुळात जागेच्या टंचाईची आहे आणि तिचा पहिला संसार जहाजावरचा. युरोपातून अमेरिकेकडे आणि ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या स्थलांतरितांना एकोणिसाव्या शतकात डेकखालच्या कोंदट भागात फळ्यांच्या मजल्यांवर झोपवत असत. जहाजमालकाला जितके जास्त मजले तितके जास्त तिकीट, म्हणून अखेर सरकारला मध्ये पडावे लागले. ब्रिटनच्या १८५५ च्या प्रवासीविषयक कायद्याने एका डेकवर झोपण्याच्या फळ्यांचे दोनपेक्षा जास्त थर लावण्यास मनाई केली आणि प्रत्येक माणसामागे किमान सहा फूट लांब व अठरा इंच रुंद जागा ठरवून दिली. अठरा इंच म्हणजे आजच्या उशीच्या लांबीहूनही कमी. पण दुमजली बिछान्याला कायद्याने माप लागण्याची ही फार जुनी उदाहरणे आहेत. पुढच्याच दशकात अमेरिकेत जॉर्ज पुलमनने रेल्वेच्या डब्यात दिवसा छताशी मिटणारा आणि रात्री उघडणारा वरचा बर्थ आणला. त्याचा 'पायोनियर' हा डबा १८६५ चा. नंतर बराकींत, छावण्यांत आणि वसतिगृहांत हाच पलंग लोखंडी रूपात दिसू लागला. या सगळ्या ठिकाणी झोपणारा माणूस मोठा होता. मुलाच्या अंगाचा विचार करून हा पलंग कुणी आखलेलाच नव्हता, हे पुढे घडलेले समजून घेण्यासाठी लक्षात ठेवायला हवे.

आपल्या घरांत तर पडण्याची भीती बाळगण्याइतकी उंची झोपेला नव्हतीच. माजघरात रांगेने अंथरुणे पडत, पाहुणे आले की रांग लांबत जाई, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात सगळे बिऱ्हाड पाणी शिंपडलेल्या गच्चीवर जाई. बाज असली तरी तिचे खूर गुडघ्याएवढे. रात्री पोर खाली पडले तर ते झोपेतच पुन्हा वर ठेवले जाई आणि सकाळी ना त्याला आठवे ना आईला. निजण्याच्या वस्तूला कठडा असलाच तर तो पाळण्याला, आणि पाळणा सुटला की कठडाही सुटला. त्यामुळे उंचावर झोपण्याची आपली ओळख मुख्यत्वे रेल्वेने करून दिली. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या शहरात राहणाऱ्यांना वरच्या बर्थसाठी झालेली भावंडांची भांडणे वेगळी सांगायला नकोत. "गाडीत झोपतो की वर, घरी काय होते?" हा युक्तिवाद मी स्वतः ऐकला आहे आणि, खरे सांगायचे तर, एकदा केलाही आहे. पण गाडीत मूल वर असते ती एखादी रात्र, समोरच्या बर्थवर कुणीतरी जागे असते आणि डब्यात दिवा असतो. घरात मूल वर्षाच्या तीनशे पासष्ट रात्री वर असते आणि खोलीचे दार लोटलेले असते.

नागपुरात या पलंगाची गरज निर्माण केली ती फ्लॅटांनी. १९३६ साली स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाच्या काळात शहर लेआउटमधून वाढले. प्लॉट, अंगण, वर गच्ची अशी त्याची रीत होती आणि जागा हा प्रश्न नव्हता. त्याच प्लॉटांवर पुढे फ्लॅटच्या स्कीमा उभ्या राहिल्या आणि मुलांच्या वाट्याला दहा बाय दहाची खोली आली. सव्वासहा बाय तीन फुटांचे दोन पलंग मांडले की शंभरातली साडेसदतीस चौरस फूट जागा गेली, मग कपाट, मग अभ्यासाचे टेबल. एकावर एक पलंग ठेवला की त्यातली निम्मी जागा परत मिळते. हा हिशेब कुणालाही पटण्यासारखा आहे आणि त्यात काही चूकही नाही.

चूक कुठे होऊ शकते, हे इतर देशांनी आधी भोगले. ब्रिटनने १९८७ साली बंक बेडसाठी जे नियम केले, त्यांच्या नावातच 'अडकण्याचे धोके' हे शब्द आहेत. 'पडण्याचे धोके' असे नाही. अमेरिकेत १९९२ पासून उत्पादकांसाठी ऐच्छिक मानक होते, परंतु १९९० ते १९९९ या काळात बंक बेडमध्ये अडकून ५७ मुले दगावल्याच्या नोंदी तिथल्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाकडे जमा झाल्या आणि डिसेंबर १९९९ मध्ये सक्तीचा नियम जाहीर होऊन तो जून २००० पासून लागू झाला. दगावलेली बहुतेक मुले तीन वर्षांची किंवा त्याहून लहान होती. म्हणजे ज्या मोठ्या मुलासाठी पलंग घेतला जातो त्याच्यापेक्षाही, त्याच्या मागे मागे शिडी चढणारे किंवा दुपारी खालच्या पलंगावर निजवलेले धाकटे भावंड या प्रकारच्या अपघातात अधिक सापडते.

अडकणे म्हणजे नेमके काय होते, हे एकदा डोळ्यांसमोर आणले की मापे पाठ करावी लागत नाहीत. लहान मुलाचे डोके त्याच्या धडापेक्षा रुंद असते. झोपेत ते कडेला सरकते, पाय कठड्याच्या फटीतून बाहेर जातात, मागोमाग कंबर आणि छाती जाते, आणि हनुवटीशी येऊन सगळे थांबते. पाय जमिनीला टेकत नाहीत आणि सगळा भार गळ्यावर येतो. त्यामुळे ओरडताही येत नाही. म्हणून अमेरिकी नियमाने साडेतीन इंच रुंदीचा एक ठोकळा ठरवला : वरच्या पलंगाच्या कठड्यातील कोणत्याही फटीतून तो पलीकडे जाता कामा नये. खालच्या पलंगाच्या डोक्याकडच्या व पायाकडच्या बाजूंना नियम जरा वेगळा आहे. तिथे फट एकतर या ठोकळ्याला अडवणारी असावी, नाहीतर नऊ इंच व्यासाचा चेंडू सहज जाईल एवढी मोठी असावी, जेणेकरून धड गेले तर डोकेही सुटेल. मधले माप तेवढे घातक. युरोपातील मानकाने हीच गोष्ट मिलिमीटरमध्ये सांगितली असून, त्यात गजांमधले अंतर ६० ते ७५ मिलिमीटर ठेवण्याची मुभा आहे.

अमेरिकी नियमातले आणखी एक कलम आपल्याकडे सर्रास मोडले जाते. पलंगाचा तळ जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तर कठडा दोन्ही बाजूंना हवा, आणि भिंतीकडचा कठडा सलग हवा. चढण्यासाठीची, जास्तीत जास्त १५ इंचांची मोकळी जागा फक्त बाहेरच्या बाजूला चालते. भिंतीला पलंग लावलाय तर तिकडे कठडा कशाला, असे मिस्त्री विचारतो, आणि विचारणे स्वाभाविक आहे. पण पलंग रोजच्या हालचालीने भिंतीपासून सरकतो, गादी आणि भिंत यांच्यामध्ये चार-पाच इंचांची भेग पडते, आणि मूल तिच्यात उतरले की वर सांगितलेलेच सगळे घडते.

पडण्याचा प्रश्न यापेक्षा वारंवार येणारा आणि त्यामानाने कमी जीवघेणा आहे. २००८ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९९० ते २००५ या काळात अमेरिकेत एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि तरुणांना बंक बेडमुळे दरवर्षी सरासरी ३६ हजारांच्या आसपास इजा झाल्या आणि त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश पडण्याच्या होत्या. सहा वर्षांखालील मुलाला वर झोपवू नये हा इशारा अमेरिकेत पलंगावरच छापावा लागतो; ऑस्ट्रेलियात तर नऊ वर्षांपर्यंत थांबण्याचा सल्ला देतात. माझे मत ऑस्ट्रेलियाच्या बाजूला झुकते, कारण सहा वर्षांचे मूल शिडी चढण्याइतके मोठे असले तरी मध्यरात्री अर्धवट झोपेत ती उतरण्याइतके मोठे असतेच असे नाही.

कठडा गादीच्या वर किमान पाच इंच हवा, आणि इथे विदर्भाचा कापूस मध्ये येतो. एम्प्रेस मिलच्या, म्हणजे १८७७ पासूनच्या गिरण्यांच्या या शहरात कापसाची गादी ही आजही घराघरांतली वस्तू आहे. ती नवी भरली की सहा इंच फुगते, वर्षभरात चारवर बसते आणि पिंजून आणली की पुन्हा फुगते. मिस्त्री कठडा करतो तो बसलेल्या गादीच्या अंदाजाने, जमिनीपासून किंवा फळीपासून मोजून. फळीवर दहा इंच कठडा केला आणि चार इंची गादी टाकली तर सहा इंच उरतात आणि सगळे नियमात बसते. पण आजोबांनी कौतुकाने आठ इंची स्प्रिंगची गादी आणली की उरतात दोन इंच, आणि कठडा केवळ दिखाऊ पट्टी होऊन जातो. म्हणून अमेरिकेत पलंगावर गादीची कमाल जाडी लिहिलेली असते. आरामाच्या दृष्टीनेही वरच्या मजल्याला चार इंची, घट्ट भरलेली कापसाची गादीच बरी, कारण मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा स्लॅबखालची हवा आधीच तापलेली असते आणि फोम पाठीखालची गरमी धरून ठेवतो.

पंख्याचे गणित मात्र स्वतंत्रपणे करायला हवे, कारण ते परदेशी पुस्तिकांत आपल्या गरजेइतके नसते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहण्याच्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट. पंख्याची पाती स्लॅबपासून फूटभर खाली धरली तर ती आठ फुटांवर फिरतात. वरच्या पलंगाचा तळ पाच फुटांवर, त्यावर चार इंच गादी, आणि आठ वर्षांचे मूल बसले की सव्वादोन फूट : डोके पोहोचले साडेसात फुटांच्या वर. ते गुडघ्यांवर उभे राहिले किंवा त्याने पांघरूण झटकले की हात पात्यांत. पलंग खाली घ्यावा तर खालच्याचे डोके वरच्या फळीला लागते. यातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे छताचा पंखा पलंगाच्या आवाक्याबाहेर सरकवणे किंवा तो काढून भिंतीवरचा, जाळीचा पंखा बसवणे. कूलर खिडकीत असेल तर त्याचा झोत वरच्याला थेट आणि खालच्याला अर्धाच मिळतो, हे भांडणाचे नवे कारण. त्यावर मला उपाय सापडलेला नाही.

लाकडाबद्दल आपल्याकडे काळजी नको इतकी घेतली जाते. सागवान हवे, ते चंद्रपूर-आलापल्लीचेच हवे, प्लाय असेल तर त्यावर आयएसआयचा शिक्का हवा, हे प्रत्येकाला ठाऊक असते. तो शिक्का, आयएस ३०३ चा असो वा मरीन प्लायच्या आयएस ७१० चा, प्लायवूडच्या प्रतीबद्दल बोलतो. त्यापासून केलेल्या पलंगाच्या रचनेबद्दल नाही. भार वाहणारे सांधे नुसत्या स्क्रूवर न ठेवता आरपार नट-बोल्टने आवळावेत, वर्षातून दोनदा ते पुन्हा तपासावेत, शिडी आधाराला टेकवलेली नसून पलंगाला जखडलेली असावी. एवढे सांभाळले की सागवान आणि प्लाय यांतला फरक खिशाचा उरतो. मच्छरदाणीच्या दोऱ्या, ओढण्या आणि साडीचा झोका मात्र कठड्याला बांधू देऊ नये. गळ्याभोवतीचा फास फटीतूनच पडतो असे नाही.

मी ज्या मिस्त्रीकडे गेले होते त्याला साडेतीन इंचांची गोष्ट सांगितली तेव्हा त्याने टेप काढला नाही. उजव्या हाताची चार बोटे मिटून त्याने तयार असलेल्या कठड्याच्या दोन गजांमध्ये घातली, ती अगदी बरोबर बसली आणि तो म्हणाला, "चार बोटं. माझा बापही एवढंच सोडायचा, जिन्याच्या कठड्याला." मोजले तेव्हा सात सेंटिमीटर भरले, युरोपच्या मानकात चोख बसणारे. तरीही मी त्याच्याकडून साडेतीन इंचांचा एक ठोकळा कापून घेतला आणि आम्ही दोघांनी तो पलंगाभोवती सगळीकडे घालून पाहिला. कठड्यात तो कुठेच गेला नाही. गेला तो खालच्या पलंगाच्या पायथ्याशी, जिथे फोटोतल्याप्रमाणे खिडकीच्या आकाराची नक्षी कोरली होती : ठोकळा आत, पण नऊ इंचांचा चेंडू बाहेर. मिस्त्रीने थोडा वेळ त्या खिडकीकडे पाहिले, मग मागून प्लायचा तुकडा लावून ती बंद केली आणि वर मुलांना आवडेल म्हणून पिवळा रंग दिला.