टिपरचं कर्ज आणि शेअरचा भाव

सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने गोव्यातलं खाणकाम थांबवलं आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा बंदी आदेश आला. त्या वर्षी पाऊस सरल्यावर सावर्डे-कुडचडे या खाणपट्ट्यातले, खनिज वाहणारे टिपर ट्रक रस्त्यावर उतरलेच नाहीत. घरांच्या कडेला, माडांच्या सावलीत ते उभे राहिले. चाकांना अडसर म्हणून दगड लावलेले, हौद्यात पावसाचं पाणी साचून शेवाळ धरलेलं. बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला दारात हजर.

त्याच दिवसांत मुंबईच्या बाजारात सेझा गोवा या खाण कंपनीच्या शेअरचा भाव कोसळला. खाणी बंद, म्हणजे उद्याचा नफा गेला, एवढा हिशेब खरेदीदारांनी केला आणि ते मागे सरले. शेअरधारकाला आपलं नुकसान त्याच संध्याकाळी आकड्यात दिसलं. टिपरवाल्याचं कर्ज बँकेच्या पुस्तकात त्या दिवशी होतं तेवढंच राहिलं. हप्ते थकले, मुदती वाढवून घेतल्या गेल्या, व्याजावर व्याज चढलं. पुढे सरकारला कर्जमदतीची योजना आणावी लागली, तोवर उंबरे झिजवून माणसं थकली होती.

देशांच्या वित्तव्यवस्थांची विभागणी अर्थशास्त्रज्ञ ढोबळमानाने दोन गटांत करतात. जर्मनी आणि जपान बँककेंद्री, अमेरिका आणि ब्रिटन बाजारकेंद्री. उद्योगाला भांडवल मुख्यतः बँकेच्या कर्जातून मिळतं की शेअर-रोख्यांच्या बाजारातून, यावरून हे ठरतं. मला स्वतःला यातला खरा फरक सावर्ड्यात समजला. वाईट बातमी कोणाच्या अंगावर पडते आणि किती उशिरा पडते, तो हा फरक.

बँक ही वाईट बातमी कशी पेलते ते म्हापशाच्या बाजारात दिसतं. संध्याकाळी पिग्मीवाला, म्हणजे रोजची छोटी बचत गोळा करणारा बँकेचा माणूस, हातात छोटं यंत्र घेऊन फिरतो. भाजीवाली पदराच्या गाठीतून पन्नासाची नोट काढते, यंत्रातून चिठ्ठी निघते, ती गाठीत जाते. (ही पिग्मी मूळची शेजारच्या उडुपीची. 1928 मध्ये तिथल्या बँकेने रोज दोन आण्यांपासून ती सुरू केली.) अशा हजारो नोटा एकत्र येऊन कोणाच्या तरी टिपरचं पाच वर्षांचं कर्ज होतात. टिपर उभा राहिला म्हणून भाजीवालीचे पन्नास रुपये पंचेचाळीस होत नाहीत. मधला धक्का बँक आपल्या अंगावर घेते आणि वर्षानुवर्षांत पसरवते. बाजार तोच धक्का अनेक माणसांत पसरवतो, पण ताबडतोब. फ्रँकलिन ॲलन आणि डग्लस गेल या अर्थतज्ज्ञांनी दोन व्यवस्थांची तुलना करताना नेमकं यावर बोट ठेवलं आहे.

कुठल्या देशाने कोणती वाट धरली, याची कारणं इतिहासात आहेत. जर्मनीत औद्योगिकीकरण ब्रिटनच्या मागून आलं. पोलाद आणि यंत्रं यांना एकदम मोठं आणि दीर्घ मुदतीचं भांडवल हवं होतं, आणि ते मोठ्या बँकांनी पुरवलं. डॉइश बँक 1870 मधली. उशिरा निघालेल्या देशांना बँकांचा आधार घ्यावाच लागतो, असं आर्थिक इतिहासाचे अभ्यासक अलेक्झांडर गर्शेनक्रॉन यांनी 1962 मध्ये मांडलं. जर्मन कंपनीची एक 'घरची बँक' असते, पिढ्यानपिढ्यांची. अमेरिकेत लोकांना मोठ्या बँकेचीच धास्ती होती. 1927 च्या कायद्याने बँकांच्या राज्याबाहेरच्या शाखांना लगाम घातला, 1933 च्या कायद्याने ठेवी-कर्जाची बँक आणि रोखे विकणारी बँक वेगळी केली. तिथे बँका मुद्दाम लहान ठेवल्या गेल्या आणि मोठ्या कंपन्या पैशांसाठी न्यूयॉर्कच्या बाजारात गेल्या.

ओळखीच्या बँकेचा गुण मोठा आहे. व्यवस्थापकाला कर्जदार ठाऊक असतो, एका वाईट हंगामासाठी तो त्याला बुडवत नाही. पण हाच गुण कसा उलटतो, ते जपानमध्ये दिसलं. 1989 च्या डिसेंबरात तिथल्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक 38,915 वर होता, मग फुगा फुटला. बुडीत कंपन्यांना बँका नवी कर्जं देत राहिल्या, का तर जुनी बुडाली असं मान्य करावं लागू नये म्हणून. मेलेल्या कंपन्या चालत्या राहिल्या आणि नव्यांना जागा उरली नाही. 1997 मध्ये होक्काइदो ताकुशोकु ही मोठी बँकच कोसळली. निक्केईला तो जुना उच्चांक ओलांडायला 2024 साल उजाडलं. बाजाराची बाजू घेणाऱ्यांनी मात्र अमेरिकेतलं 2008 चं आर्थिक संकट आठवावं. घरकर्जांचे तुकडे करून बाजारात विकले, तेव्हा कर्जदाराला ओळखणारं कोणीच उरलं नव्हतं.

मग चांगलं कोणतं? अर्थतज्ज्ञ रॉस लेव्हिन यांनी 48 देशांची आकडेवारी तपासली आणि 2002 मध्ये उत्तर दिलं: वाढीच्या दृष्टीने बँक की बाजार याने फारसा फरक पडत नाही. वित्तव्यवस्था एकूण किती विकसित आहे आणि पैसे देणाऱ्याचा हक्क कायदा किती बजावतो, हे महत्त्वाचं. भारतात 1875 पासून शेअर बाजार आहे, 1969 मध्ये 14 मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरणही झालं, पण बुडालेल्या कंपनीचं काय करायचं याचा एकसंध कायदा आला तो 2016 मध्ये. मधल्या वर्षांत अडकलेला पैसा कोणाचा होता? ठेवीदारांचाच.

हक्क बजावता न येणं म्हणजे काय, हे गोव्याला कोणी शिकवायची गरज नाही. बांकू नासियोनाल उल्त्रामारिनु या पोर्तुगीज बँकेत गोव्यातल्या लोकांनी दागिने गहाण ठेवले होते. मुक्तीच्या आधी ते सोनं लिस्बनला नेण्यात आलं. 1961 चा डिसेंबर उलटला, बँक गेली. पावत्या इथे, पाटल्या-बांगड्या तिथे, आणि त्या पावत्या घेऊन जावं असं न्यायालय कुठेच नाही. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं ते 1974 मध्ये. सोनं परत आलं 1991 मध्ये. गहाण ठेवणाऱ्या कित्येक बायका तोवर हयात नव्हत्या. त्यांच्या पावत्या घेऊन नाती रांगेत उभ्या राहिल्या.