सौरघटातली गळती पृष्ठभागावर

सिलिकॉनच्या स्फटिकात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना धरून असतो. पृष्ठभागावर शेजारीच संपतात आणि काही बंध मोकळे राहतात. प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन अशा मोकळ्या बंधापाशी अडकतो, तिथेच होलला (इलेक्ट्रॉन सुटल्यावर मागे उरलेल्या रिकाम्या जागेला) भेटतो आणि दोघांची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. पृष्ठभागाच्या एका चौरस सेंटीमीटरवर सुमारे ७०० लाख कोटी अणू असतात, म्हणजे अडकायला जागा भरपूर. उत्तम वेफरच्या (घट जिच्यापासून बनतो त्या सिलिकॉनच्या पातळ चकतीच्या) पोटात इलेक्ट्रॉन एखादा मिलिसेकंद टिकतो. तोच १५० मायक्रॉनचा वेफर उघडा ठेवला तर जेमतेम एक मायक्रोसेकंद. हा ऱ्हास दहापट कमी केला, की घटाचा व्होल्टेज सुमारे ६० मिलिव्होल्टने वाढतो.

हिऱ्याच्या तारेने कापलेल्या वेफरवर ओरखडे आणि सूक्ष्म तडे असतात. ते गरम अल्कलीने काही मायक्रॉन खोल खरवडून काढतात. मग सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पातळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पृष्ठभागावर सूक्ष्म पिरॅमिड उठवतात. परावर्तन तीसेक टक्क्यांवरून दहाच्या आसपास येते. फुकट मात्र काही नाही: पिरॅमिडमुळे पृष्ठभाग सुमारे १.७ पट वाढतो, आणि मोकळे बंधही. या टप्प्यानंतर धुण्यात कसूर झाली आणि लोह, तांबे किंवा बोटांचे ठसे राहिले, तर प्रकाशदीप्तीच्या चित्रात (प्रकाश टाकल्यावर सिलिकॉन स्वतः देतो त्या मंद चमकेच्या छायाचित्रात) तिथे काळे डाग दिसतात.

मोकळे बंध बुजवण्याचे काम हायड्रोजनचे. समोरचा सुमारे ७५ नॅनोमीटरचा सिलिकॉन नायट्राइडचा थर परावर्तन आणखी घटवतो आणि भट्टीत हायड्रोजनही सोडतो. घटाचा निळा रंग त्याचाच. या थरात धन भार अडकलेला असतो. पी-प्रकारच्या (ज्याच्या वेफरमध्ये होल जास्त असतात अशा) घटाच्या मागच्या बाजूला तोच थर थेट लावला, तर धन भार इलेक्ट्रॉन पृष्ठभागाकडे ओढतो आणि ते वीज बाहेर नेणाऱ्या धातूच्या जोडापर्यंत वाहत जाऊन गळतात. म्हणून पर्क घटात (मागची बाजूही अशा थराने झाकलेल्या घटात) तिथे आधी ॲल्युमिनियम ऑक्साइड देतात. त्याचा ऋण भार इलेक्ट्रॉनना लांब ठेवतो.

धातू सिलिकॉनला टेकतो तिथे मात्र यातला कुठलाच थर उरत नाही. पर्कमध्ये म्हणून मागचा जोड लेसरने उघडलेल्या बारीक रेषांपुरताच ठेवतात. टॉपकॉन या दुसऱ्या प्रकारच्या घटात मागच्या बाजूला वेफर आणि धातू यांच्या मध्ये जेमतेम दीड नॅनोमीटरचे ऑक्साइड असते: इलेक्ट्रॉन त्यातून पार होतात, धातू मात्र वेफरपासून दूर राहतो. जोडासाठी लावलेली धातूची पेस्ट भाजताना तापमान फार चढले, तर धातू तेही भेदून आत उतरतो.