प्रौढांमधील श्वासनलिकेचे मिटणे

श्वास सोडताना श्वासनलिका आणि तिच्या दोन मुख्य शाखा (श्वसनी) प्रमाणाबाहेर आत दबतात, तो विकार. श्वासनलिका सुमारे १० ते १२ सेंमी लांब असते. घोड्याच्या नालेसारख्या १६ ते २० कूर्चाकड्या तिला ताठ ठेवतात. मागची बाजू मात्र मऊ पडद्याची. कड्याच मऊ पडल्या तर ‘ट्रेकिओब्रॉन्कोमलेशिया’. कड्या शाबूत असून मागचा पडदाच पुढे झुकत असेल, तर तो वेगळा प्रकार, आणि त्याचे उपचारही थोडे वेगळे.

रुग्ण सांगतो ते असे : चार पावलांत दम लागतो, खोकला भुंकल्यासारखा येतो, बेडका घशाशी येऊन अडतो, छाती वारंवार भरते. खोकताखोकता कुणाला भोवळही येते. हे सारे दम्यासारखेच असल्याने वर्षानुवर्षे पंप चालू राहतो आणि गुण येत नाही. घरघर फुप्फुसांच्या बारीक नळ्यांतून नव्हे, वरच्या मोठ्या नळीतून येत असते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नाही.

कारणांत धूम्रपान, जुना सीओपीडी (धुराने श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार), लठ्ठपणा, आम्लपित्त घशाशी येणे, वाढलेल्या गलगंडाचा दाब आणि कूर्चेचा दाह ही प्रमुख. मराठवाड्यात दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. पहिली, चूल. पऱ्हाट्या-तुराट्यांच्या धुरात स्वयंपाक करून बाईला विडी न ओढताही सीओपीडी होतो. दुसरी, व्हेंटिलेटर. कीटकनाशकाच्या विषबाधेतून वाचलेल्या माणसाच्या घशात अनेक दिवस नळी राहिलेली असते. तिच्या दाबाने कूर्चा झिजू शकते. रुग्ण घरी येतो, जीव वाचला म्हणून सारे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि काही महिन्यांनी लागलेल्या दमाचा त्या नळीशी संबंध कुणी जोडत नाही. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या किंवा अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जाताना त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे.

निदान चुकते ते बहुधा तपासणीच्या पद्धतीमुळे. नेहमीचा सीटी श्वास भरून रोखून काढतात, आणि त्या क्षणी नळी फुगलेली, निर्दोष दिसते. डायनॅमिक सीटीत दोन चित्रे घेतात : एक श्वास भरून, दुसरे जोराने सोडताना. सर्वांत भरवशाची तपासणी म्हणजे अगदी हलकी गुंगी देऊन केलेली ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने श्वासनलिका आतून पाहणे. रुग्णाने सांगितल्याबरहुकूम श्वास ओढायचा, सोडायचा, खोकायचे. पूर्वी ५० टक्के अरुंद होणे हाच आजार मानत. पण कित्येक निरोगी माणसांतही एवढे होते, म्हणून आता अनेक तज्ज्ञ ७० टक्क्यांची मर्यादा धरतात. त्रास नसेल तर नुसत्या आकड्यावर उपचार करू नयेत. स्पायरोमेट्रीवरून (नळीत फुंकून करायच्या श्वासाच्या चाचणीवरून) निदान ठरत नाही.

उपचारांत आधी मूळ आजार आवरतात, धूर बंद करतात, वाफारा, हायपरटॉनिक सलाइन (जास्त खारट पाण्याची वाफ) आणि फ्लटर (फुंकल्यावर हवेला कंप देणारे) उपकरणाने कफ सुटा करतात. सीपॅप यंत्राची मुखवट्यातून सतत दाबाने येणारी हवा नळीला आतून आधार देते. एवढ्याने भागले नाही, तर सिलिकॉनचा स्टेंट (श्वासनलिका उघडी ठेवणारी आतली नळी) थोड्याच दिवसांसाठी बसवून पाहतात. ती खरे तर परीक्षा असते : दम कमी झाला तरच ट्रेकिओब्रॉन्कोप्लास्टी, म्हणजे उजव्या बाजूने छाती उघडून मागच्या पडद्याला पॉलिप्रॉपिलीनची जाळी शिवण्याची शस्त्रक्रिया, उपयोगी ठरण्याची आशा असते. स्टेंट कायमचा ठेवल्यास तो सरकतो, कफाने तुंबतो, त्याच्या कडांना मांस वाढते. धातूचा स्टेंट तर या विकारात टाळलेलाच बरा. वाढत्या मांसात तो रुतला की काढणे जिकिरीचे होते.