पाव थ्रॉटलला काय होतं?

बाबांची १९९९ सालची शंभर सीसीची चार-स्ट्रोक गाडी माझ्याकडे आली, ती एक खोड घेऊनच. परळहून निघताना ती शहाण्यासारखी चालायची. दादरचा टिळक पूल चढतानाही कुरकुर नाही. पण सिग्नलला थांबलं की स्लो, म्हणजे थ्रॉटल न पिळता इंजिन फिरत राहतं तो वेग, आपोआप वर जायचा, मग खाली यायचा, एक उचकी लागायची आणि गाडी गप्प. मागून हॉर्नचा गजर. थ्रॉटल, म्हणजे पिळायची उजवी मूठ, सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज, तो वेगळाच. रस्त्यावरच्या प्रत्येक गॅरेजवाल्याचं निदान एकच: ‘कार्बेटरचं काम आहे.’ उपचारही एकच: स्क्रू ड्रायव्हर काढून एक पितळी स्क्रू जरासा फिरवायचा. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी लालबागच्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. ते बाबांना ओळखायचे. गाडीला हातही न लावता त्यांनी विचारलं, ‘बंद पडते ते कळलं रे. पण पाव थ्रॉटलला काय होतं? अर्ध्याला? पूर्ण पिळल्यावर?’ मला काही सांगता येईना. त्यांनी काळ्या टेपची बारीक पट्टी ग्रिपवर चिकटवली, शेजारच्या स्विचच्या डबीवर खडूने खुणा केल्या – शून्य, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण – आणि म्हणाले, ‘दोन दिवस चालव. काय होतं ते बघून ये.’

त्या पट्टीमागचं विज्ञान समजायला आधी एक गैरसमज दूर करावा लागतो. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर पेट्रोल ‘खेचतो’ असं आपण म्हणतो. खरं तर तो काहीच खेचत नाही. पेट्रोल ढकललं जातं, आणि ढकलणारी असते आपल्या डोक्यावरची हवा.

द्रवाचा किंवा हवेचा वेग वाढला की तिथला दाब घटतो, हे डॅनियल बर्नुली यांनी १७३८ साली मांडलं. जिओव्हानी बत्तिस्ता व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ साली अरुंद गळ्यातून जाणाऱ्या प्रवाहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्बोरेटरच्या घशाला आजही त्याचंच नाव आहे. ढोबळ हिशेब मांडून बघू. शंभर सीसीचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर ते सेकंदाला ५० वेळा श्वास घेतं, म्हणजे जास्तीत जास्त पाच लिटर हवा. घसा १८ मिलिमीटरचा धरला तर हवेचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटर येतो. पण चार-स्ट्रोक इंजिन चारातल्या एकाच स्ट्रोकला हवा घेतं, त्यामुळे त्या क्षणी वेग असतो सुमारे ८० मीटर, ताशी २८८ किलोमीटर. एवढ्या वेगाने घशातला दाब किती घटतो? वातावरणाच्या जेमतेम चार टक्के. ३९ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरता येईल, इतकाच. खालच्या वाटीतल्या, म्हणजे फ्लोट चेंबरमधल्या, पेट्रोलवर मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असतो. या चार टक्क्यांच्या फरकावर पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, वर चढतं.

आणि चढतं तरी किती? गाडी ताशी ४५ने धावतेय आणि लिटरला ६० किलोमीटर देतेय, असं धरा. प्रत्येक स्फोटाला लागणारं पेट्रोल भरतं एका थेंबाच्या दहाव्या भागाएवढं. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. वजनात बोलायचं तर एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. हे प्रमाण राखायला कार्बोरेटरकडे ना सेन्सर, ना मेंदू. इंजिनात किती प्राणवायू गेला हे त्याला कळत नाही. त्याला फक्त दाबातला फरक कळतो. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-सहा नियम आले आणि नव्या मोटारसायकलींवर फ्युएल इंजेक्शनने जवळपास सगळीकडे त्याची जागा घेतली, ती या आंधळेपणामुळेच.

थ्रॉटल जवळजवळ बंद असताना घशात वारा इतका मंद असतो की मुख्य जेटमधून पेट्रोल वर चढतच नाही. म्हणून स्लोसाठी वेगळी वाट असते: स्लो जेट आणि तिचा स्क्रू. ही वाट स्लाइडच्या, म्हणजे थ्रॉटल पिळला की वर उचलल्या जाणाऱ्या घशातल्या पडद्याच्या, इंजिनाकडच्या बाजूला उघडते, जिथे दाब फार कमी असतो. शून्यापासून साधारण एक-अष्टमांश थ्रॉटलपर्यंत तिचं राज्य. तिथून पावपर्यंत स्लाइडच्या खालच्या तिरक्या कापाची सत्ता. पाव ते पाऊण नीडलची, म्हणजे स्लाइडला लटकलेल्या निमुळत्या सुईची, आणि त्यापुढे मेन, म्हणजे मुख्य, जेटची. सीमा काटेकोर नाहीत, एकीचा अंमल दुसरीत झिरपतो. पण थ्रॉटल किती उघडल्यावर, म्हणजे कुठल्या उघडीपला, गाडी कुरकुरते हे कळलं की संशयित चारांवरून एकावर येतो. उघडीप महत्त्वाची, वेग नाही. पुलाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ३०ला थ्रॉटल पाऊण पिळलेला असू शकतो, आणि मरीन ड्राइव्हवर रात्री तोच वेग पावापेक्षा कमी थ्रॉटलला मिळतो. ‘तीसला मिसिंग करते’ असं मेस्त्रीला सांगून म्हणूनच उपयोग नसतो.

दोन दिवसांनी माझी नोंद साधी होती. पाव थ्रॉटलच्या वर सगळं ठीक. सगळा गोंधळ पावाच्या खाली. शिवाय तापलेल्या इंजिनावरही चोक अर्धा ओढला की स्लो सुधारायचा. ही दुसरी गोष्ट ऐकताच मेस्त्री हसले. चोक मिश्रणात पेट्रोल वाढवतो. चोक ओढल्यावर गाडी सुधारली तर मिश्रण पातळ आहे, बिघडली तर आधीच घट्ट आहे. मुंबईत जानेवारीतल्या दोन-चार सकाळी सोडल्या तर चोक लागतच नाही. तो मला निदानाचं यंत्र म्हणूनच जास्त कामाचा वाटतो.

आता मिश्रण पातळ असण्याची दोन कारणं: पेट्रोल कमी येतंय, किंवा हवा नको तिथून येतेय. गॅरेजवाले पहिलं धरून चालतात, कारण कार्बोरेटर समोर दिसतो. मेस्त्रींनी दुसरं आधी तपासलं. साबणाचं पाणी भरलेली फवाऱ्याची बाटली घेतली, गाडी स्लोवर ठेवली आणि कार्बोरेटर व इंजिनाच्या मधल्या रबरी जोडावर फुसकारा मारला. इंजिनाचा आवाज क्षणात बदलला. ‘रबर एअर घेतंय.’ (काही जण याच कामाला पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर हा उद्योग कृपया करू नका.)

रबराची चीर हवा घेते तर मग पुलावर गाडी कशी नीट चढायची? स्लोवर इंजिन मुळात हवाच थोडी घेतं, आणि आतला दाब खूप खाली असल्याने बाहेरची हवा चिरेतून जोराने घुसते. एकूण हवेत तिचा वाटा मोठा. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर आतला दाब बाहेरच्याच्या जवळ येतो, चिरेतून हवा घुसायचं कारण उरत नाही, आणि घशातून येणाऱ्या लोंढ्यापुढे ती नगण्य ठरते. थ्रॉटल सोडल्यावरची फटफटही तिचीच. पातळ मिश्रण इंजिनात पेटत नाही, न जळता सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे पेटतं.

कार्बोरेटर खोलायच्या आधी प्लग, एअर फिल्टर आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची, गॅपही बघावी. फिल्टर तुंबला तर मिश्रण घट्ट होतं, प्लग काजळी धरतो. घट्ट बसलेल्या टॅपेटमुळे स्लो असा बिघडतो की शंभरदा स्क्रू फिरवूनही हाती काही लागत नाही. प्लगच्या रंगावरून रोग ओळखायची जुनी विद्या आहे – बिस्किटी चांगला, काळा घट्ट, पांढराफटक पातळ – पण ती शिशाच्या पेट्रोलच्या काळात पक्की झालेली. २००० सालापासून देशात शिसंविरहित पेट्रोल आलं. तेव्हापासून रंग पूर्वीसारखं स्पष्ट बोलत नाही.

जेट खरंच तुंबते तेव्हा काय? २०२०च्या लॉकडाउननंतर अर्ध्या मुंबईच्या गाड्या किक मारमारूनही चालू होत नव्हत्या, ते याच कारणाने. पेट्रोल म्हणजे शेकडो घटकांचं मिश्रण. उभ्या गाडीत हलके घटक आधी उडून जातात आणि उरलेल्याचा चिकट थर जेटमध्ये बसतो. स्लो जेटचं भोक असतं ०.३५ ते ०.४ मिलिमीटरचं, म्हणजे सगळ्यात आधी तेच बुजतं. आणि इथे आपल्याकडचा एक लाडका जुगाड घात करतो: क्लच वायरची एक तार काढून जेटमध्ये खुपसणे. तार पोलादाची, जेट पितळेची. भोक ०.३८चं ०.४२ झालं तर डोळ्याला काय दिसणार? पण प्रवाह ठरतो क्षेत्रफळावर, आणि क्षेत्रफळ वाढलं २२ टक्क्यांनी. मग ‘गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही’ म्हणत दुसरं गॅरेज शोधायचं. क्लीनरमध्ये भिजवून कॉम्प्रेसरची हवा मारावी, नाहीतर सरळ नवी जेट टाकावी.

ढकलणाऱ्या हवेचं तत्त्व लक्षात ठेवलं तर काही चमत्कारिक वाटणारे बिघाडही सुटतात. हिंदमाताला गुडघाभर पाण्यात गाडी बंद पडली की आपण म्हणतो सायलेन्सरमध्ये पाणी गेलं, प्लग भिजला. कधी कधी दोन्ही कोरडे असतात. फ्लोट चेंबरला श्वास घ्यायला एक बारीक नळी असते आणि ती खाली सोडलेली असते. तिचं तोंड पाण्यात बुडालं की वाटीत हवा जात नाही, दाबातला फरक मरतो आणि पेट्रोल ढकलणारंच कोणी उरत नाही. टाकीच्या झाकणातलं छिद्र बुजलं तरी असंच. गाडी दहा-पंधरा किलोमीटर मजेत जाते, मग मरते. झाकण उघडलं की ‘सुस्स’ आवाज येतो आणि पुन्हा चालू. कार्बोरेटर बिचारा निर्दोष.

हवाही सगळीकडे सारखी नसते. जुलैत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली तर हवेतली साडेतीन टक्के जागा पाण्याच्या वाफेने अडवलेली असते. तेवढा प्राणवायू कमी, म्हणजे मिश्रण किंचित घट्ट. महाबळेश्वर आहे सुमारे १,३५० मीटरवर, तिथे हवा साधारण १२ टक्के विरळ. मिश्रण मात्र १२ नव्हे, सहाच टक्क्यांच्या आसपास घट्ट होतं, कारण हवा विरळ झाली की घशातला दाबही कमी घटतो आणि पेट्रोलही थोडं कमी चढतं. आंधळ्या यंत्राची ही आपसूक दुरुस्ती मला फार आवडते. दोन दिवसांच्या सहलीसाठी जेट बदलायची गरज नाही.

उलट दिशेने ढकलतं ते इथेनॉल. पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच, कारण त्याच्या रेणूत प्राणवायू आधीच आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून विक्रीला आलं आणि आता पंपावर सहसा तेच मिळतं. त्याचं योग्य प्रमाण पडतं साडेतेराच्या आसपास. जुनी जेट तर जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडणार. म्हणजे जुनी गाडी आठेक टक्के पातळ चालते. ज्यांची गाडी आधीच काठावर होती त्यांना पिकअप घेताना अडखळणं जाणवतं. नीडलची क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर उचलली जाते आणि मधल्या थ्रॉटलला फरक पडतो. इथेनॉल पाणीही शोषतं आणि जुनी रबरं फुगवतं वा कडक करतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून वाटी रिकामी करावी. दोन मिनिटांचं काम आहे.

राहिला तो पितळी स्क्रू. तो घशाच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर हवेचा: बाहेर काढला की मिश्रण पातळ. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा: बाहेर काढला की घट्ट. हे न बघता फिरवणारे कमी नाहीत. माझ्या गाडीचा हवेचा होता. कंपनीचा हिशेब पूर्ण बंदपासून दीड आटे उघडण्याचा, आणि मेस्त्रींनी मोजला तेव्हा तो जेमतेम पाव आटा उघडा निघाला. चिरेतून येणारी हवा झाकायला प्रत्येक गॅरेजवाल्याने तो थोडा थोडा आत घेतला होता.

नवं रबर बसवल्यावर त्यांनी इंजिन तापू दिलं. स्क्रू आधी दीड आट्यावर आणला, मग पाव-पाव आटा आतबाहेर करत स्लो सगळ्यात वर जातो ती जागा शोधली, आणि स्लाइड उचलणाऱ्या दुसऱ्या स्क्रूने स्लो पुन्हा खाली आणला. हाच क्रम दोनदा. दहा मिनिटं लागली. नंतर पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र, काढली. २००० नंतरच्या, पण बीएस-सहाच्या आधीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेतीन टक्के आणि २०००च्या आधीच्यांना साडेचार. माझी साडेचारवाली, पण आकडा दोन्हींच्या आत आला.

जुनं रबर मी मागून घेतलं. हातात धरलं तर धडधाकट दिसतं, कुठे काही नाही. अंगठ्याने वाकवलं की आतल्या बाजूला नखाएवढी चीर उघडते, आणि सोडलं की मिटते.